सगळे आले की उघडू

आमच्या आईला मजासुद्धा टिकाऊ हवी होती. दुकानात कापड दोन बोटांत चुरगाळून बघायची तिला सवय होती. शेवटच्या आजारपणात पलंगावर उशीला टेकून बसल्या बसल्या ती आमच्या सूचनाही तशाच चुरगाळून बघत होती. तिच्या माहेरचं घर विकलं गेलं होतं आणि तिच्या वाट्याला थोडे पैसे आले होते. रक्कम अशी की त्यात धड छप्पर झालं नसतं, आणि आम्हा तीन भावंडांत वाटायची म्हटली तर घेणाऱ्यालाच लाज वाटली असती.

"छप्पर करायचं नाही," आईनं आधीच सांगून टाकलं. "गळतंय ते गळू दे. माझ्या पैशांची मजा करा. सगळ्यांनी मिळून."

धाकटी म्हणाली, कुठेतरी फिरायला जाऊ. आई म्हणाली, "चार दिवसांत संपेल." मी मोठा टीव्ही सुचवला. "म्हणजे सगळे एका भिंतीकडे तोंड करून गप्प बसणार." बाबांनी पाण्याची मोटर सुचवली, तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मजा म्हटलं मी. मजा!"

शेवटी तिनंच सांगितलं. टेबल टेनिसचं टेबल. खरंखुरं, पूर्ण मापाचं.

आईबाबांची ओळखच मुळी त्या खेळानं झाली होती. दोघं एकाच कारखान्यात कामाला, ती पॅकिंगमध्ये आणि बाबा शिलाई खात्यात. कामगारांच्या बसायच्या खोलीत एक जुनं टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत आई त्यावर भल्याभल्यांना पाणी पाजायची. वर प्रत्येक पॉइंटनंतर आकडा मोठ्यानं जाहीर करायची, हरणाऱ्याला विसर पडू नये म्हणून. बाबा रोज हरायचे आणि रोज परत खेळायला यायचे. लग्नानंतर कारखाना सुटला, बाबांनी घराच्या पुढच्या खोलीत सीटकव्हरं शिवायचं दुकान टाकलं, आणि आईनं बॅट पुन्हा हातात धरली नाही. धरायला वेळच कुठे होता?

"ह्यांना एकदा तरी जिंकायची संधी द्यायला हवी," आई म्हणाली. "पण फुकट नाही देणार."

टेबल घरी यायच्या आधी ती गेली.

दादा, म्हणजे आमचा थोरला, तेव्हा समुद्रावर होता. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. त्याचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर रांगेत उभं होतं आणि त्याला काही केल्या उतरता येईना. आम्ही वाट पाहिली, पण अशा वेळी किती थांबणार? आईला पोचवून घरी आलो आणि त्याला फोन लावला, तर पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

टेबल आलं तेव्हा ते ठेवायचं कुठे हा प्रश्नच आला नाही. बाबांनी कापड कापायचं मोठं टेबल एका ओळखीच्या शिंप्याला देऊन टाकलं आणि पुढची खोली मोकळी केली. कामं त्यांनी कमी केलीच होती. टेबल घेऊन आलेल्या माणसांनी ते उभं केलं, जाळी लावली आणि चहा पिऊन ते गेले. बॅटी आणि चेंडू खोक्यातच होते. मी खोक्याला हात घातला, तशी धाकटी म्हणाली, "ताई, दादा?"

इथे आमच्या घरचा नियम सांगायला हवा. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू सगळे हजर असल्याशिवाय उघडायची नाही. नियम आईचा. ती तिच्या घरात शेंडेफळ, आणि तिच्या हाती नेहमी रिकामं खोकं यायचं. त्यामुळे आपल्या घरात अशी वेळ कोणावर येऊ द्यायची नाही, हे तिनं लग्नाआधीच ठरवून टाकलं असावं. दादा शाळेच्या सहलीला गेला होता तेव्हा नवा रेडिओ आठवडाभर खोक्यात पडून होता आणि आम्ही दोघी बहिणी त्याच्याभोवती मांजरांसारख्या घुटमळत होतो. मी बस डेपोच्या तिकीट खिडकीत बसते. दिवसभर लोकांना थांबायला सांगणं हेच माझं काम. त्यामुळे असेल कदाचित, पण मला स्वतःला थांबणं अजिबात सहन होत नाही.

"सगळे आले की उघडू," बाबा म्हणाले आणि टेप घेऊन टेबलाचं माप घ्यायला लागले.

बाबांनी जन्मभर कव्हरं शिवली. स्कूटरच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, ऑफिसातल्या खुर्च्या. आमच्याकडे रेडिओला कव्हर होतं, मिक्सरला होतं, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा होतं. धाकटी पाहुण्यांना सांगायची, एका जागी फार वेळ बसू नका, बाबा माप घेतील. टेबलासाठी त्यांनी गडद निळं रेक्झीन आणलं, कडेनं पांढरी पायपिंग लावली, खाली बांधायला नाड्या केल्या. या कामाला त्यांना फार दिवस लागले. मला वाटलं, दुःखात माणूस सावकाश होतो.

कव्हर घातलं तेव्हा ते बघायला मी मुद्दाम गेले. एका कोपऱ्यात पायपिंग शिलाईतून निसटली होती आणि टाके वाट चुकल्यासारखे भलतीकडे गेले होते. बाबांच्या हातचा वाकडा टाका मी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

काचबिंदू निघाला. आधी कडेची नजर जाते, माणूस नळीतून बघितल्यासारखं बघत राहतो आणि त्याला कळतही नाही. डॉक्टर चांगल्या होत्या, पण त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाल्या, आणि उरलेलीही फार दिवस पुरेल असं दिसत नाही. थेंब लिहून दिले. बाहेर पडताना बाबा दाराच्या चौकटीला धडकले आणि चौकटीलाच "सॉरी" म्हणाले. मी हसले आणि रिक्षात बसल्यावर तोंड फिरवून रडले.

"दादाला कळवायचं नाही," बाबा म्हणाले.

दादा येणार होता, पण त्याच्या जागी बदली माणूस मिळेना. मग मिळाला, तर कंपनीनं आणखी एका फेरीला थांबवून घेतलं. दर रविवारी मी, धाकटी, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी असे बाबांकडे जमायचो. मुलीला आम्ही भुंगा म्हणतो, कारण ती सतत काहीतरी गुणगुणत असते. निळ्या कव्हरभोवती खुर्च्या टाकून आम्ही चहा प्यायचो. "आजोबा, ह्याच्याशी असंच खेळायचं असतं का?" भुंग्यानं एकदा विचारलं. सगळे हसले. मला मात्र राग आला. बाबा आता चहाचा कप ठेवताना आधी हातानं बशी चाचपायला लागले होते.

एका रविवारी माझा तोल सुटला. मी उठले आणि कव्हरच्या नाड्या सोडायला लागले.

"काय करतेस?" बाबा म्हणाले.

"उघडतेय. तुम्हाला चेंडू दिसतोय तोवर एकदा तरी खेळा. आईनं हे काय चहा प्यायला घेतलं होतं?"

"दादा यायचाय."

"मग त्याला खरं सांगा, म्हणजे येईल!"

"नोकरीवर पाणी सोडून येईल. मग घराचे हप्ते कोण भरणार, तू? खबरदार त्याला काही बोललीस तर."

"बाबा, तो येईपर्यंत तुमचे डोळे थांबणार नाहीत."

बाबा उठून माझ्याजवळ आले आणि मी सोडलेली नाडी चाचपून शोधली. ती बांधता बांधता ते खाली मान घालून म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी आपण थांबलो नाही त्याच्यासाठी. एकदा त्याच्याशिवाय उरकलं. आता नाही उरकायचं."

माझा राग जागच्या जागी विरला. दुसऱ्या टोकाची नाडी मीच बांधली.

दादा आला तेव्हा पुष्कळ दिवस उलटून गेले होते. डोक्यावरचे केस विरळ झाले होते आणि हातांवर भाजल्याचे नवे डाग होते. दारातच त्यानं बाबांना मिठी मारली. बाबांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. दादाला ते प्रेम वाटलं, आणि प्रेम तर ते होतंच.

रविवारी सगळे जमलो. बाबांनी कोणालाही हात लावू दिला नाही. एकेक नाडी स्वतः शोधली, गाठ सोडली आणि कव्हर ओढून घडी घालून बाजूला ठेवलं. नव्या रंगाचा वास अजून आत कोंडलेला होता. भुंगा टाळ्या वाजवत नाचायला लागली.

"पहिला डाव माझा आणि दादाचा," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या हातात बॅट दिली. त्यांनी ती अशी काही धरली की मला आईनं सांगितलेली कारखान्यातली खोली दिसली. गुडघ्यात किंचित वाकून ते उभे राहिले. दादानं हळूच चेंडू टाकला. तो बाबांच्या पुढ्यात टप्पा घेऊन कोपराजवळून निघून गेला. बाबांची बॅट हलली ती नंतर, चेंडू शिलाईमशीनखाली पोचल्यावर.

"आजोबा, तिकडे गेला!" भुंगा ओरडली.

"परत टाक," बाबा म्हणाले.

दादानं परत टाकला. परत तसंच झालं. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

तिसऱ्या वेळी त्यानं चेंडू नेम धरून थेट बाबांच्या बॅटवर टाकला. टक्क आवाज झाला आणि चेंडू जाळी ओलांडून आला. दादानं मुद्दाम बॅट बाजूला घेतली. "अरे वा, बाबा! पॉइंट तुमचा!" त्याचा आवाज चिरकत होता. त्यानं परत तसाच टाकला आणि परत सोडला. धाकटीचा नवरा आणि भुंगा टाळ्या वाजवत होते.

बाबांनी बॅट टेबलावर ठेवली.

"तुझ्या आईनं मला एक पॉइंट कधी फुकट दिला नाही," ते म्हणाले. "तू कोण मोठा लागून गेलास देणारा?"

ते हसत होते. दादा टेबलाला वळसा घालून आला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडला. आईसाठी रडायचं त्याचं राहूनच गेलं होतं. त्याला थोपटत बाबा माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "सगळे आले की, सगळे आले की, म्हणत बसलो मी. अगं, ती सोडून सगळे येणार होते. हे कळायला मला एवढा वेळ लागला."

मग बाबांनीच फर्मान सोडलं, "आता खेळा. पैसे रडायला नाही ठेवले तिनं." ते मशीनच्या स्टुलावर बसले आणि आम्ही खेळलो. आम्हाला कोणालाच खेळता येत नव्हतं. चेंडू छताला लागला, चहात पडला. धाकटीनं तर एकदा बॅटच फेकली. आम्ही पोट धरधरून हसलो. बाबा हसणाऱ्याच्या आवाजाकडे मान वळवत राहिले.

निघायच्या वेळी धाकटीनं सवयीनं कव्हर उचललं. रेक्झीनची सळसळ बाबांना बरोबर ऐकू आली.

"घालू नकोस."

"धूळ बसेल, बाबा."

"बसू दे. एखादा एकटाच आला तर त्याला खेळता आलं पाहिजे."

दादाची सुट्टी संपली आणि तो गेला. जाताना म्हणत होता, नोकरी सोडतो. बाबांनी त्याला अक्षरशः हाकललं. त्यानंतरच्या सोमवारी डेपोतून सुटल्यावर मी सरळ बाबांकडे गेले. ते खोलीत टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे होते. खिडकीतून भरपूर उजेड येत होता, पण त्यांनी दिवा लावून ठेवला होता.

"कोण कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच."

"पुरे आहे. जाळी काढ."

मी जाळी काढली. ते त्यांच्या बाजूला उभे राहिले, दोन्ही तळवे टेबलावर पसरून. मी माझ्या बाजूनं चेंडू टेबलावर घरंगळत सोडला. तो बारीक खरखर करत त्यांच्याकडे निघाला. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. त्यांनी हात सरकवला, पण चेंडू बोटांना चाटून गेला आणि खाली पडून टपटपत राहिला.

"आई असती तर मोठ्यानं ओरडली असती," मी म्हटलं.

"मग ओरड की."

"एक-शून्य!" मी ओरडले. मग चेंडू शोधायला टेबलाखाली वाकले. चेंडू पायाशीच होता, पण मी लगेच वर आले नाही.

"सापडला का?" वरून बाबांनी विचारलं.

"शोधतेय, बाबा," मी म्हटलं.