जाळीच्या आत

"वर बघा. आता माझ्याकडे." नर्सने बॅटरी विझवली. "एक बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी आणि दुसरी शर्टाच्या बटणाएवढी. काय गेलं डोळ्यात?"

"धोतऱ्याचा रस," माळी म्हणाला.

मोठ्या बागेतला विषारी झाडांचा वाफा त्याच्याकडे होता. धोतरा, कण्हेर, खाजकुइली. भोवती उंच जाळी, दाराला कुलूप आणि 'हात लावू नये' अशी पाटी. पाटी झाडांसाठी होती, पण बाकीचे माळी त्याच्यापासूनही चार हात लांब बसून डबा खायचे. आधी थट्टेने, मग सवयीने. विषारीमामा म्हणायचे त्याला.

बागेचे साहेब दाराशी उभे होते. त्यांनीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात आणलं होतं.

"मामा, ही दुसरी वेळ. मागे हातावर फोड आले, आता डोळा. चष्मा नव्हता लावला?"

"होता. काढला."

"का?"

"घाम आला."

"या थंडीत?" नर्स हसली.

साहेब हसले नाहीत. "उद्या काही बरंवाईट झालं तर जाब मला द्यावा लागेल. तुम्ही आता तिकीट खिडकीवर बसा. सावली आहे, खुर्ची आहे, दिवसभर माणसांची ये-जा. आणा ती किल्ली."

माळ्याचा हात पट्ट्याच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला. दिवसभर माणसांसमोर तोंड हसरं ठेवणं त्याला जमणार नव्हतं.

"घाम नव्हता साहेब. रडू आलं. चष्म्यात पाणी साठलं, दिसेना. काढला आणि पुसले डोळे तसेच, हातमोज्यानं."

नर्सने बॅटरी खिशात टाकली. माळी पुढे बोलला.

"ही होती तेव्हा रोज दारातच अडवायची. दोनदा साबण लावल्याशिवाय घरात पाऊल नाही. मी चहा करतो म्हटलं की म्हणायची, 'तुमच्या हातचा? नको बाई, मला अजून जगायचंय.'" तो हसायला गेला, पण जमलं नाही. "आज छाटणी आटोपली आणि वाटलं, चला, आता घरी ओरडा खायचा. मग आठवलं."

"अहो, मग घरी रडा ना," साहेब म्हणाले. आवाज मात्र उतरला होता.

"घरी येतच नाही. भिंतीकडे बघत बसतो नुसता. मुलीचा फोन आला की सांगतो, मजेत आहे. जाळीच्या आत तेवढं येतं."

साहेबांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"किल्ली राहू द्या," ते म्हणाले. "पण एक ऐका. रडायचं असेल तर आधी हातमोजे काढायचे. हात धुवायचे, चांगला दोनदा साबण लावून. मग रडायचं."

"बरं," माळी म्हणाला.

डोळा बरा झाला तसा तो पुन्हा कामावर गेला. दुपारी धोतऱ्याची सुकलेली बोंडं कापताना रडू येईलसं वाटलं. त्याने कात्री खाली ठेवली. हातमोजे काढले. नळावर कोपरापर्यंत हात धुतले, साबण दोनदा लावला. मग चष्मा कपाळावर सरकवून पालथ्या बादलीवर बसला आणि वाट बघू लागला.

रडू काही आलं नाही. हात वाळेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने हातमोजे चढवले आणि उरलेली बोंडं कापायला घेतली.