मोतीराम मिस्त्रीचा तिसरा एक्सल

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मोतीराम मिस्त्रीच्या कामाला नावं ठेवणारा माणूस शोधूनही सापडला नसता, आणि ही गोष्ट सगळ्यात पक्की कोणाला माहीत असेल, तर ती खुद्द मोतीरामला. तीस वर्षं त्यानं एका कारखान्यात पत्रा दाबायचे साचे बनवले. निवृत्त झाल्यावर एक जुना लेथ आणि छोटी भट्टी घेऊन स्वतःचं वर्कशॉप थाटलं. त्याची पद्धत ठरलेली होती. लोखंडाला पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम विझवून कडक करून झालं, की त्यावर कानस ओढायची. कानस सुळकन घसरली, तर टोकाशी मुद्दाम नरम ठेवलेल्या बोटभर जागेवर ‘मो’ अक्षराचा पंच ठोकायचा. कानस लागली, तर माल भंगारात.

“आपल्या लोखंडाला कानस चावत नाय,” असं तो टपरीवर चहा पिताना दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. ऐकणारेही मान डोलवायचे, कारण ते खरंच होतं.

अशा माणसाकडे शिवराज आला. बिडकीनकडच्या बागायतदाराचा हा मुलगा, स्वभावानं गरीब, पण गाडीचं वेड डोक्यात गेलेलं. त्याच्या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन त्यानं असं काही वाढवून घेतलं होतं, की सहाशे घोड्यांची ताकद एकदम मागच्या चाकांवर यायची. खासगी धावपट्टीवरच्या शर्यतीत गाडी सुटली, की ही ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे एक्सल, काडकन तुटायचा. कंपनीचा एक्सल तसाच गेला होता.

मोतीरामनं जाड दांडा घेतला, भट्टीत लाल केला, साच्याला देतात तसं कडक पाणी दिलं आणि पंच ठोकला. तो एक्सल दुसऱ्याच धावेला तुटला. मग त्यानं आणखी जाड, आणखी कडक बनवला. तो पहिल्याच धावेला गेला.

“क्लच आपटतोस तू,” मोतीरामनं दोन्ही वेळा ऐकवलं. “लोखंडात खोट नाय, तुझ्या पायात हाय.”

वडीलधाऱ्याला उलट बोलायचं नाही, या वळणात वाढलेला शिवराज मान खाली घालून गेला. दोन्ही तुटके एक्सल मात्र वर्कशॉपच्या फळीवर राहिले.

मोतीरामची थोरली मुलगी रूपाली वाळूजच्याच एका कंपनीत धातू तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं एक दिवस न विचारता त्यातल्या एकाचा काप काढून नेला आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून थेट वर्कशॉपवर आली.

“बाबा, हा आतपर्यंत कडक हाय. वर जेवढा, तेवढाच गाभ्यात.”

“मग? चांगलंच हाय की.”

“साच्याला चांगलं. साच्याला दाब सोसायचा असतो. एक्सलला पीळ सोसायचा असतो. झटका बसला की त्यानं थोडं पिळलं पाहिजे, अन् झटका सरला की परत सरळ झालं पाहिजे. तुमचा पिळतच नाय. मग सगळा मार दात्यांच्या मुळाशी बसतो. दोन्ही तुकडे बघा, एकाच जागी तुटलेत.”

एक्सलच्या टोकांना जे दाते कापलेले असतात, ते जिथं संपत होते तिथंच दोन्ही तुटले होते. मोतीरामला हे नव्यानं कळत होतं असं नाही. दुसरा तुकडा हातात आला त्याच दिवशी त्याला शंका आली होती. पण तीस वर्षांचं नाव असं एका शंकेवर सोडून देता येतं का? त्यानं तुकडा फळीवर ठेवला होता आणि शिवराजच्या पायाला दोष दिला होता.

“त्याचा पाय...” तो आताही म्हणाला.

“पायाचं सोडा बाबा.”

घरी जेवताना मोतीरामनं बायकोला रूपालीचं बोलणं सांगितलं. मुक्ताबाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, “पोरगी बरोबर बोलती का चूक, एवढंच सांगा.”

“बरोबर बोलती,” तो म्हणाला. “तेच तर दुखतंय.”

“मग दुखू द्या थोडं. भाकरी गार करू नका.”

सकाळी त्यानं रूपालीला सांगितलं, “कर तुला जसं करायचं तसं. पन माझा पंच त्याच्यावर बसायचा नाय.”

रूपालीचा चेहरा उतरला, पण ती कामाला लागली. तिनं वेगळ्या जातीचं पोलाद निवडलं. लेथवर मात्र मोतीरामच उभा राहिला, कारण तेवढा साफ हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. टोकांचे दाते तसेच ठेवून मधला भाग तिनं बारीक करायला सांगितला, तेव्हा त्याला राहवलं नाही.

“बारीक करून मजबूत होतं व्हय?”

“सगळ्या लांबीत सारखं पिळलं, तर एका जागी मार बसत नाय.”

त्यानं तसं कापलं. पाणी दिल्यावर रूपालीनं दांडा पुन्हा हव्या तेवढ्या आचेवर तापवून त्याचा कडकपणा उतरवला. मोतीरामनं सवयीनं कानस ओढली आणि ती चावली. त्याला कोणी कानफटात मारल्यासारखं झालं. दोन्ही चाकांसाठी अशी जोडी तयार झाल्यावर, पीळ बसला तर दिसावा म्हणून रूपालीनं दोन्ही एक्सलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली आणि शिवराज जोडी घेऊन गेला. टोकं कोरीच होती.

आता हाही तुटला तर पोरीचं तोंड बघवणार नव्हतं, आणि नाही तुटला तर आपलं तोंड कुठं लपवायचं? रविवारच्या शर्यतीपर्यंत मोतीराम या दोन्हींच्या मधे अडकून पडला. रोज दुपारी तो वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाड भिंगाचा चष्मा लावून काहीतरी घासत बसायचा. मुक्ताबाईनं डबा नेला, तरी तो मान वर करत नसे.

सोमवारी रूपालीची पाळी सुटली आणि थोड्याच वेळात शिवराजची गाडी गुरगुरत दारात आली. हातात इमरतीचा पुडा घेऊन तो उतरला आणि आधी मोतीरामच्या पाया पडला.

“काका, सात वेळा सोडली गाडी. पूर्ण जोर लावून. एकदा बी नाय तुटला!”

रूपालीनं जॅक लावून गाडी उचलली आणि बॅटरी घेऊन खाली वाकली. पांढरी रेघ केसभर तिरकी राहिली होती, बाकी दांडा परत सरळ झाला होता. एक्सल पिळला होता आणि टिकला होता. तिनं डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला.

“तुमी म्हनायचे ते खरं होतं काका,” शिवराज म्हणाला. “पायातच खोट होती. ही जोडी मिळायच्या आधी दोन महिने घरच्या जीपवर रिकाम्या वावरात क्लचची प्रॅक्टिस केली. आमचे दादा म्हनायचे, पेट्रोलनं नांगरतोय का काय! पन सुधारला पाय.”

मोतीरामला नुसतं हसून गप्प बसता आलं असतं. नाव शाबूत, पोरगा खूष, आणि रूपाली तर जन्मात बोलली नसती. ती लेथकडे बघत उभी होती.

“बस इथं,” मोतीराम शिवराजला म्हणाला. “तुझा पाय पहिल्यापासून बरा होता. खोट माझ्या लोखंडात होती. एक्सलला मी साच्याचं पानी दिलं. हिनं सांगितलं, तवा मला आधीच कळलेलं होतं, पन कबूल करायला जीभ रेटली नाय. ही जोडी हिची हाय. मी फक्त हात चालवला.”

शिवराजनं पुडा उघडला. मग हसायला लागला. “म्हंजे माझं पेट्रोल फुकट गेलं म्हना की! घ्या, इमरती घ्या.”

मोतीरामनं इमरती घेतली नाही. त्यानं खिशातून बोटाएवढा एक चकचकीत पंच काढला आणि रूपालीच्या तळहातावर ठेवला. त्याच्या टोकावर उलटं कोरलेलं अक्षर होतं ‘रू’. जरा वाकडं होतं, पण खोल होतं. अधू डोळ्यांनी इतकं बारीक काम एका दिवसात होणार नाही, हे तिला लगेच कळलं.

“हे कधी केलं बाबा?”

“तू जोडी दिली ना, त्याच दुपारपासून बसलो होतो. शनिवारी झालं.”

म्हणजे शर्यतीच्या आधी. एक्सल टिकेल का तुटेल, हे कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा. रूपालीला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. मोतीराम खाली बसला, त्यानं चाकाच्या मधली टोपी काढली. नटातून एक्सलचं कोरं टोक डोकावत होतं. त्यानं हातोडी तिच्या हातात दिली.

“ठोक. बिनधास्त ठोक, पंच मोडायचा नाय.”

“लोखंड कोणतं हाय हे?”

“माझ्या तुटलेल्या एक्सलचं. नरम करून कोरलं, मग परत साच्याचं पानी दिलं,” मोतीराम म्हणाला. “याला कानस चावत नाय.”