सुंठीचा भूतकाळ

"अहो, गाळणं खिळ्याला आहे. नाही, तो कॅलेंडरचा खिळा. त्याच्या खालचा!"

शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून सुंठ फोनवर नवऱ्याला तिच्याच स्वयंपाकघरात वाट दाखवत होती. इतकी वर्षं संसार होऊनही त्या खोलीत गृहस्थ पाहुण्यासारखे वावरत. आत दहावीच्या वर्गात साठीतल्या पोरापोरींनी नुसता धुडगूस घातला होता. बाकं तीच होती, बसणारे तेवढे रुंदावले होते. तिघींच्या बाकावर आता दोघी बसल्या तरी तिसरीने उभंच राहावं अशी परिस्थिती होती.

सुंठ हे नाव तिला ह्याच वर्गाने ठेवलं. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची दोन भावंडं. त्यांचं आवरून, त्यांना त्यांच्या शाळेत सोडून ती पोचायची तेव्हा हजेरी सुरू झालेली असायची. मग फाटकातूनच ती ओरडायची, "आले, आले!"

मराठीच्या बाईंना ते अजिबात खपायचं नाही. "अगं, तू अजून फाटकात आहेस. आले म्हणजे पोचले. भूतकाळ आहे तो! 'येते' म्हण."

दुसऱ्या दिवशी पुन्हा "आले, आले!" पोरांनी आधी तिला 'आलं' म्हणायला सुरुवात केली. मग तिच्या काटकुळ्या अंगाकडे बघून कोणीतरी म्हणालं, हे कसलं आलं, ही तर वाळून सुंठ झालीय. झालं! नाव चिकटलं ते चिकटलंच.

दहावीला वर्गाचा फोटो निघाला, त्या दिवशी नेमकी धाकट्याची चप्पल तुटली. सुंठ धापा टाकत पोचली तेव्हा मागच्या रांगेतले मुलगे पायऱ्यांवरून उड्या मारून उतरत होते. त्या फोटोत सगळे आहेत. कोणाचे डोळे मिटलेले, कोणी शेजाऱ्याच्या डोक्यामागे शिंगं धरलेली, पण आहेत. सुंठ नाही.

पुढे भावंडं मार्गाला लावली. मग लग्न, मग सासूबाईंचं आजारपण, मुलगा, सून, नात. घरात ती 'अगं', 'आई' आणि 'आजी' अशा तिन्ही नावांना ओ द्यायची. शाळेची आठवण येऊन वाईट वाटायचं नाही असं नाही, पण जरा निवांत वाईट वाटून घ्यावं म्हटलं की कोणीतरी हाक मारायचं.

म्हणून वर्गाच्या जुन्या मॉनिटरचा फोन आला, "सुंठे, सगळे जमतोय, तोच फोटो त्याच जागी पुन्हा काढायचाय," तेव्हा तिने आठवडाभर आधीच घरी जाहीर करून टाकलं, "त्या दिवशी मला कोणी हाक मारायची नाही." घराने माना डोलावल्या. आणि खरंच, कोणी हाक मारली नाही. फोन केले.

फोटोसाठी सगळे मैदानाकडच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे राहिले. मधे खुर्चीत बाई. ऐंशी कधीच ओलांडलेली, हातात काठी, नजर मात्र व्याकरणाची चूक शोधणारीच. मॉनिटर स्टँडवर मोबाईल लावत होता. सुंठ दुसऱ्या रांगेत होती. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता.

"आई, कुकर लावलाय. किती शिट्ट्या?"

"तीन."

"दोन झाल्यात की तीन, तेच कळत नाहीये."

"कमाल आहे तुझी! थांब, फोन कुकरजवळ धर." आणि कलकलाटात ऐकू येईना म्हणून ती रांगेतून निघून व्हरांड्याच्या खांबाआड जाऊन उभी राहिली, घरच्या कुकरची शिट्टी ऐकायला.

"चला, तयार!" इकडे मॉनिटर ओरडला. "सुंठ कुठंय?"

"फोनवर."

"आता हिची वाट बघत बसलो तर सगळे भाजून निघू. दाबतो बटण. नंतर आणखी एक काढू हवा तर."

बाईंनी काठी आपटली. "हजेरी झालेली नाही."

"बाई, आता हजेरी? ह्या उन्हात?"

"एक!" बाई म्हणाल्या.

मॉनिटरच एक नंबर होता. तो मुकाट्याने "हजर" म्हणाला. मग दोन, तीन, चार, आणि एकदम सहा. पार शेवटपर्यंत झालं.

"बाई, पाच राहिला," मॉनिटर म्हणाला. "सुंठीचा. तुम्ही तेव्हासुद्धा नेहमी विसरायचात."

"विसरायला काय झालं? मुद्दाम शेवटी घ्यायचे. रोज गैरहजर लावली असती, तर परीक्षेला बसू दिलं असतं का तिला?"

सुंठीच्या एका कानात कुकर होता आणि दुसऱ्यात बाई. तिला वाटायचं, आपण इतक्या नगण्य की बाईंना आपला नंबरसुद्धा लक्षात राहत नाही. आणि ह्या बाई रोज, सगळ्या वर्गाचे नंबर घेत घेत, तिची वाट बघत होत्या. आजवर ती सगळ्यांसाठी थांबली होती. तिच्यासाठीही कोणी थांबलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

फोनमध्ये शिट्टी झाली.

"आई, ही तिसरी ना?"

"तुझी तू मोज रे बाबा," सुंठ म्हणाली आणि तिने फोन बंदच करून टाकला.

"पाच!" बाईंनी पुकारलं.

"आले, आले!" खांबाआडून सुंठ जी धावली, ती थेट दुसऱ्या रांगेत घुसली.

"अजून भूतकाळच!" बाई म्हणाल्या. मॉनिटरने बटण दाबलं आणि स्वतःची जागा गाठायला धूम ठोकली.

संध्याकाळी फोटो आला. मॉनिटरचा त्यात एक पाय आणि पाठ एवढाच भाग आला होता. बाई गालातल्या गालात हसत होत्या. त्यांच्या बरोबर मागे सुंठ, केस विस्कटलेले, तोंड हे एवढं उघडं.

"तोंड का असं?" नवऱ्याने चष्मा पुसत विचारलं.

"हजेरी देत होते."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. पाठोपाठ मुलाची हाक आली, "आई, जरा येतेस का?"

"आले, आले!" सुंठ म्हणाली, आणि खुर्चीत बसूनच फोटो आणखी मोठा करून बघत राहिली.