खाली बघणारी मुलं

प्रवेशाच्या ऑनलाइन मुलाखतीत बंदराच्या त्या गावातली सगळी मुलं उत्तर देण्याआधी खाली बघत. प्रश्न ऐकत, नजर पडद्याच्या तळाशी नेत, थोडा वेळ गप्प राहत आणि मग बोलत. उत्तर बहुधा बरोबर असे. इतर कुठल्याही गावची मुलं असं करत नव्हती.

प्राध्यापकांनी आदल्या मुलाखतीचं चित्रण पुन्हा थांबवलं आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हे बघा. इथे."

"लाजतात हो सर मुलं," परदेशी प्रवेशांचं काम पाहणाऱ्या बाई म्हणाल्या.

"सगळं गाव एकाच कोनात लाजतं?"

भौतिकशास्त्र विभागात त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. इथल्या घरांत मुलं कमी झाली होती, वर्गांतले बाक रिकामे राहू लागले होते. म्हणून बाई दूरदूरच्या देशांत हिंडून आल्या होत्या. जिथे निम्मी माणसं पंचविशीच्या आतली आहेत आणि कॉलेजं मात्र बोटांवर मोजण्याइतकी, अशा ठिकाणी.

"तरुण असणं ही काही पात्रता नव्हे," प्राध्यापक म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय. कोणीतरी खालून उत्तरं दाखवतंय. आज सिद्ध झालं, तर त्या गावचे सगळे अर्ज बाद."

"आणि नाही झालं तर?"

"तर नाही झालं. माझं त्यात काही अडलेलं नाही."

"तिचं अडलंय," बाई म्हणाल्या.

आता पडद्यावर येणार होती ती मुलगी त्या गावची शेवटची उमेदवार. बाईंनी तिला तिच्या शाळेत हेरलं होतं. इथे जमलं नाही, तर काकांच्या दुकानात बसायचं हे घरात ठरून गेलं होतं.

पडद्यावर मुलगी आली. वेणी घट्ट, पाठ ताठ.

"आधी खोली दाखव," प्राध्यापक म्हणाले. "पूर्ण."

तिने संगणक उचलून फिरवला. भिंती, कपाट, पलंग, दारात उभी असलेली आई.

"पलंगाखालीही दाखव ग," आई म्हणाली. "साहेबांचं समाधान होऊ दे."

"आई, तू बाहेर जा ना."

"जाते बाई. जावई बघायला आले होते तेव्हासुद्धा एवढी झडती झाली नव्हती."

दार लागलं. टेबलावर काही नव्हतं. तिने दोन्ही हात वर धरले.

"मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त थंड झाल्यावर गोठतं," प्राध्यापकांनी सुरुवात केली. "का?"

मुलगी खाली बघत राहिली.

"आणि मिठाऐवजी साखर घातली तर?"

ती अजून खालीच बघत होती. मग एकदम मान वर करून तिने दोन्हींचं उत्तर दिलं. नेमकं दिलं.

बाईंनी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते भुवया आक्रसून बसले होते. तिच्या बाजूचं जे काही तपासता येण्याजोगं होतं, ते सगळं तपासून झालं होतं. उरली होती ती फक्त ही बाजू. त्यांनी स्वतःचा कॅमेरा बंद केला.

"आता मी तुला दिसत नाही. आवाज येतोय?"

"हो सर."

"बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली थंड होईल का?"

मुलगी काळ्या पडद्याच्या तळाशी बघत राहिली. ओठ हलले, पुन्हा मिटले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"उत्तर येत नाही?" प्राध्यापकांनी विचारलं.

"येतंय सर. प्रश्न संपला का?"

प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले.

"एरवी तुला कसं कळतं, संपला ते?"

ती घुटमळली. "सांगितलं तर ताईला रागावणार नाही ना? आमच्या गावची ताई तुमच्याकडे शिकते. ती म्हणाली, सरांचा प्रश्न थांबला तरी संपलेला नसतो. मागून शेपूट येतं. मध्येच बोललं की चिडतात. पेनाला टोपण लावलं की संपला. तिने सगळ्यांना सांगितलंय."

प्राध्यापकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. पेन उघडं होतं. टोपण दुसऱ्या हाताच्या चिमटीत होतं.

"काखेत कळसा," बाई पुटपुटल्या आणि तिथेच थांबल्या.

"संपला," प्राध्यापक पडद्याकडे बघून म्हणाले. "बोल."

"नाही होणार थंड. उलट तापेल. फ्रिज आतली उष्णता मागून खोलीतच सोडतो, आणि त्यात विजेच्या उष्णतेची भर."

त्यांनी कॅमेरा पुन्हा सुरू केला. मुलीची नजर लगेच खाली गेली.

"अर्ज यादीत राहू द्या. सगळे," ते बाईंना म्हणाले. "कारण सापडलं. पडद्याच्या तळाशी त्यांना माझा हात दिसतो."