निळ्या दोऱ्याच्या चादरी

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी आमची लाँड्री विकली गेली. घरात दोन पाळणे आणि कामावर नव्या मॅनेजरबाई, एकाच महिन्यात आले. पाळण्यांची मला भीती नव्हती.

हॉटेलं, दवाखाने, वसतिगृहं यांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे आम्ही धुवायचो. मी मुकादम. काचेच्या खोलीतून सगळ्यांवर नजर ठेवायची आणि कामं वाटून द्यायची. जुने मालक वरच्या मजल्यावरून माझ्यावर ओरडायचे, मी खाली बाकीच्यांवर ओरडायचो. सगळं सुरळीत होतं.

नव्या बाई ओरडत नसत. धुलाईच्या यंत्रांजवळ, ओल्या फरशीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या, "काय अडतंय तुमचं?" उत्तर येईपर्यंत गप्प. आलं की म्हणायच्या, "हं." आम्ही त्यांचं नाव हंबाई ठेवलं.

"काही अडत नाही, बाई," जो तो सांगायचा. गळक्या नळापुढे उभा राहून सांगायचा. आज तक्रार केली की उद्या घरी बसायची पाळी, हे कुणाला कळत नाही?

"माहिती काढतेय," मी मेहुण्याला म्हणालो. बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला इस्त्रीच्या मशीनवर चिकटवला होता. "सगळ्यांचं काम शिकून घेईल आणि मग अर्ध्यांना काढेल."

"त्या अर्ध्यांत तुम्ही की मी, दाजी?"

"तुला गंमत सुचतेय."

मग बाईंनी काचेची खोली रिकामी करवली आणि तिथे सगळ्यांना चहा प्यायला बाकं टाकली. एका सोमवारी सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, "मोठी गिऱ्हाइकं सुटताहेत, नवी येतील ती वेगळी असतील. एकाच कामाला धरून बसलो तर आपलं भागणार नाही. आळीपाळीनं एकमेकांची कामं शिकू या." पहिल्या फेरीत मुकादम कपडे घ्यायच्या काउंटरवर.

 काउंटरवर वाचावं लागतं आणि मला अक्षरओळख नव्हती. बायको आणि तिचा भाऊ सोडून कुणाला ते ठाऊक नव्हतं. बाहेर पडलं असतं तर मुकादमी गेलीच असती, आणि त्या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

"तुझ्या भावानेच तिला सांगितलं," मी घरी बायकोला म्हणालो.

"अहो, त्याला काय मिळणार सांगून?" तिच्या दोन्ही मांड्यांवर एकेक नात होती.

"मुकादमी."

"त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मुकादमी कुठे सांभाळेल?"

तोवर मी दोऱ्यांवर निभावलं होतं. आमच्याकडे चादरीच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाच्या रंगाचा टाका असायचा. मोठ्या हॉटेलचा निळा, दवाखान्याचा तांबडा. बाईंनी टाके बंद करून नावाच्या छापील पट्ट्या आणल्या. जुन्या चादरींत दोरा मात्र तसाच राहिला होता, आणि काउंटरवरही मी त्याच्याकडेच बघत होतो. दोरा नसलेल्या नव्या कपड्यांचा गठ्ठा आला की म्हणायचो, "चष्मा घरी राहिला." मेहुणा येऊन वाचून द्यायचा आणि जाताना डोळा मारायचा. तो डोळा मला आवडत नसे.

तेवढ्यात हॉटेलचा फोन आला. खोल्यांत विटक्या, ठिगळं लावलेल्या चादरी पोचल्या होत्या. पाहुण्यांनी गोंधळ घातला होता. हॉटेलने आपल्या जुन्या चादरी वसतिगृहाला विकल्या होत्या, हे आम्हाला कुठून कळणार? कोपऱ्यात निळा दोरा तसाच होता, पट्टी तेवढी वसतिगृहाची. मी दोऱ्यावर विसंबलो.

बाईंनी सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. "हा गठ्ठा कुणी लावला?"

 मी मेहुण्याकडे बघत होतो. आता हा तोंड उघडणार.

त्याने उघडलं. "मी लावला, बाई. घाईत चुकलो."

 हा माझी चूक अंगावर का घेतोय? याच्या मनात काय आहे? उद्या सगळ्यांसमोर म्हणेल, दाजींना मी वाचवलं, आणि जन्मभर मला त्याच्या उपकाराखाली ठेवेल. माझं डोकंच फिरलं.

"खोटं बोलतोय तो!" मी ओरडलो. "मी लावला. मला वाचता येत नाही."

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले.  मला वाटलं, संपलं आपलं.

"दोरे बंद केले तेव्हा कोण कशावरून कपडे ओळखतं, हे मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "ते माझं चुकलं. आता काय करायचं? मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

 मग घड्या घालणारी एक बाई म्हणाली, "जुने दोरे उसवून टाकू. आणि मुकादमांना काउंटरवरच राहू दे. पट्ट्या बघून बघून येईल वाचायला."

"आणि मुकादमी?" मी विचारलं.

"आळीपाळीनं," बाई म्हणाल्या.

पहिली पाळी कुणाला मिळाली? मेहुण्याला. बघितलंत? मी घरी बायकोशी चार दिवस धड बोललो नाही. काउंटरवर मात्र ती घड्यावाली माझ्या शेजारी उभी राहायची. हॉटेलचा ह, वसतिगृहाचा व, दवाखान्याचा द. द मला फार दिवस छळत होता. हे सगळं मला घालवण्यासाठीच चाललंय, असं वाटत असताना मी वाचायला शिकलो.

मेहुण्याने महिनाभरात हात जोडले. "घ्या दाजी तुमची मुकादमी. सगळे माझ्याकडे येऊन काय काय अडतंय ते सांगतात, डोकं उठलं माझं."

माझी पाळी आली तेव्हा मलाही सांगू लागले. आधी वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मग एकाचा गळका नळ बघायला खरंच गेलो. ओरडायचं राहूनच गेलं. पुढे बाई बदलून दुसरीकडे गेल्या. आळीपाळी तशीच चालू राहिली, आणि माझी नोकरी शेवटपर्यंत टिकली.

एकदा चहा पिताना मेहुण्याला विचारलंच, "खरं सांग. तिला तूच सांगितलं होतंस ना?"

"दाजी, तुम्ही जन्मात कधी चष्मा लावला होता का? मग तो घरी कसा राहील? हे कळायला बाईंना माझी काय गरज?"

तो हसला. मीही हसलो. तरी घरी येताना वाटेत वाटलंच, उत्तर जरा जास्तच तयार होतं.

मेहुणा गेल्या वर्षी जूनमध्ये, एका मंगळवारी सकाळी, फुप्फुसाच्या आजाराने वारला. पुन्हा विचारायचं राहूनच गेलं.