पोळ्याला धुतलेली गाडी

"बैल धुत्यात तशी गाडी धुतली व्हय गं तू, आई?"

"मंग? दरसाल पोळ्याला मीच धुते."

"आगं, त्यात कंट्रोलर हाय! करंट हाय! पाइप लावून आतबाहेर धुयाला ती काय ढवळ्या-पवळ्याची जोडी हाय?"

"ढवळ्या-पवळ्या इकूनच आणली ना तुझ्या बापानं. मंग जोडीच झाली की."

माझा धाकटा भाऊ आदेश चाकणहून सकाळीच आला होता. त्यानं कपाळाला हात लावला. आई शेणाच्या हातानंच उभी होती. तात्यांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून यंदा भादव्यातला पोळा आम्ही केला नाही. पण सण करायचा नसला तरी धुवायला काय हरकत, असं म्हणून आईनं गाडी धुतली होती. तेव्हापासून गाडी मुकी झाली होती, सुरूच होत नव्हती.

एका जुन्या मारुती व्हॅनचं इंजिन काढून तात्यांनी तिच्यात बॅटरीवरच्या रिक्षाची मोटर बसवली होती. ओझरच्या अलीकडे कालव्याखाली आमची वस्ती, आणि चारी बाजूंनी ऊस. दूध डेअरीत न्यायचं तर त्या उसातूनच वाट. बिबट्यानं शेजारच्या सावळेरामकाकाची कुत्री दारातून उचलली, मग एका मोटरसायकलवाल्यावर झेप घेतली. तेव्हापासून खिडक्यांना जाळ्या आल्या आणि माणसं दिवस मावळायच्या आत कोंबड्यांसारखी कोंडली जाऊ लागली. चारी बाजूंनी बंद असलेली गाडी ही आमच्या घरात चैन नव्हती.

"आता बास," आदेश म्हणाला. "रविवारी गाईंना गिऱ्हाईक आणतो. तू चल चाकणला."

"तुज्या त्या चौथ्या मजल्यावर? आन् करू काय तिथं?"

"टीव्ही बघ."

"टीव्ही धार देतो व्हय रं?"

आदेश हसला नाही. तो वाईट नाही. तो घाबरलेला होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, गाडी डेअरीपर्यंत दूध नेत असंल तर मी गप बसतो. न्हाईतर तू मधी पडू नको."

मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तात्या गेल्यापासून मी रजेवर होते आणि गाडी मीच डेअरीला नेत होते; रजा सोमवारपर्यंत होती.

त्या दुपारी मी पुढची सीट उचलली. कंट्रोलरच्या पेटीतून जळकट वास येत होता. शेजारी खताच्या गोणीतलं प्लॅस्टिकचं अस्तर नीट घडी करून ठेवलेलं होतं, वर ट्यूबची कापलेली पट्टी. आई पाइप आणायच्या आत तात्या पेटी गुंडाळून ठेवत असणार. दर पोळ्याला. त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय, असंच म्हणाले असते.

मी घडी होती तशी परत ठेवली. आईला दाखवली नाही.

नारायणगावहून जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारा दादाभाऊ आला. पालथा पडून बघता बघता म्हणाला, "ताई, कंट्रोलर तसलाच बसवू का मोठा?"

"मोठ्यानं काय होईल?"

"कंट्रोलर म्हंजी कासरा. बॅटरीत कितीबी दम आसूद्या, कासरा सुटंल तेवढंच जनावर चालणार. तात्यांचा कासरा लई आखूड व्हता. म्हणून कालव्याच्या चढाला गाडी मधीच गप व्हायची."

"मग मोठाच बसव."

"पण तारा बी जाड लागतील. न्हाईतर चुलीवानी तापतील. आन् मोटर जुनी हाय, तिला झेपंल तेवढंच सोडू."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं जोडलं. पेटी वर उचलून पत्र्याला लावली, म्हणजे पाणी पोचू नये. मी बसून पाय दाबला, तशी गाडी सुसाट मागं गेली आणि उकिरड्यात रुतली.

"आरं दादाभाऊ!"

"दोन तारा उलट्या पडल्या, मावशी! बदलतो!"

"आसूदे," आई म्हणाली. "नवा बैल आदी मागंच सरतो."

आदेश गेल्यापासून ती पहिल्यांदा काही हसण्यासारखं बोलली होती, पण स्वतः हसली नाही.

शनिवारी संध्याकाळी दुधाचे भरलेले कॅन ठेवले. दादाभाऊ मागं बसला. कालव्याच्या चढाखाली मी गाडी हळू केली, तशी आई दार उघडून उतरली आणि वाटेकडेचा धोंडा उचलला.

"आई, आत बस."

"तू चल. मी उटी लावते."

इतकी वर्षं तिनं तेच केलं होतं. गाडी मध्येच थांबली की मागं घसरू नये म्हणून चाकाला दगड द्यायचा. दोन्हीकडे ऊस, आणि ती गाडीमागं चालत.

मी पाय दाबला. गाडी गुरगुरली नाही, थांबली नाही. सरळ चढून कालव्यावर आली. दादाभाऊ ओरडला, "जमलं राव!"

मी वळून पाहिलं. आई अर्ध्या चढात एकटी, हातात धोंडा घेऊन. उसाची पाती हलत होती. वारं असेल.

"आई, पळ!"

ती पळाली नाही. तिच्या चालीनंच वर आली, धोंडा टाकला आणि पदरानं मान पुसली.

दादाभाऊ चाचरत म्हणाला, "ताई, सोमवारी तुमी गेल्यावर चालवणार कोण?"

आम्ही तारा मोजल्या, पेटी वर उचलली. हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रजा वाढवता येईल. मग परत वाढवावी लागेल. कालवा पुढं सरळ जात होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पुन्हा ऊसच.

"सरक," आई म्हणाली.

"काय?"

"सरक तिकडं. उटीला माणूस लागायचं म्हणून मी चढाला कधी आत बसले न्हाई. आता न्हाई ना लागत?"

दादाभाऊ गडबडीनं कॅन धरून बसला. "मावशी, ब्रेक डावीकडं!"

"दिसतंय मला. डोळे हाईत."

तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, नांगराची मूठ धरावी तसं. पाय ब्रेकवर होता.

"आता ब्रेक सोड," मी म्हणाले.

"सोडते. जरा ऐकू दे."

तिनं काच खाली केली. उसाकडे कान देऊन ती बराच वेळ बसली. मग काच वर केली आणि पाय उचलला.