रंगूनचा वड

नासिरने ते झाड उचलून अकिलाच्या खोलीत नेलं, त्या दिवशी माझ्या हातून दोन भाकरी करपल्या. सतरा वर्षं मी या घरात भाकरी थापतेय, कधी करपली नव्हती. अम्मांनी विचारलं, लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, धूर फार झालाय. लक्ष समोरच्या खोलीच्या दारावर होतं, हे सासूला कसं सांगू?

नासिर म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन नंदुरबारच्या या पिंजाऱ्याच्या घरात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. अम्मा दिवसभर गाद्या शिवायच्या, माझा नवरा दाऊद अंगणात कापूस पिंजत बसायचा, त्यामुळे नासिर माझ्याच अंगावर पडला. त्याला न्हाऊ घातलं मी, तापात उशाशी बसले मी, मदरशातून पळून आला की कापसाच्या ढिगामागे लपवलं मी. विसाव्या वर्षी तो रंगूनला लाकडाच्या वखारीत कामाला गेला आणि सहा वर्षांनी, होळीच्या सुमारास, परत आला. येताना अम्मांना रंगीत छत्री आणली, भावाला तंबाखूचा डबा, मला रेशमाचा तुकडा. तुकडा महाग होता, सगळ्यांत महाग, ते मी कबूल करते.

पण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती. एका खोक्यात भुसा भरून जपून आणलेलं, मातीच्या उथळ थाळीतलं वडाचं झाड. उंची माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, तेवढीच. खोड मात्र चांगलं मनगटाएवढं जाड, पारंब्या सुतळीएवढ्या, पानं बोटाच्या पेराएवढी. वय म्हणे चाळीस वर्षं. वखारीतला एक म्हातारा चिनी सुतार आपल्या मुलखात परत जाताना ते नासिरच्या हवाली करून गेला होता. चाळीस वर्षं ऐकून दाऊद म्हणाला, मग हे आपल्या घरचं थोरलंच झालं, याला सलाम करायला पाहिजे.

नासिरने ते माझ्या पुदिन्याशेजारी ठेवलं. अंगणातला तो कोपरा माझा. फुटक्या घागरी आणि डबे, त्यांत पुदिना, मेंदी, एक देशी गुलाब. गल्लीत कुणाचं रोप जगेना झालं की माझ्याकडे आणून द्यायचे. नासिरने मला सगळं समजावलं: मातीत बोटाचं एक पेर घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि झाडाला रोज आभाळ दिसलं पाहिजे. चिनी म्हाताऱ्याने त्याला हे हातवाऱ्यांनी शिकवलं होतं. दीड महिना मी ते झाड सांभाळलं. त्याला कोवळी पालवी फुटली. 'हे तुमचं' असं नासिर कधी म्हणाला नव्हता, पण ते म्हणायची गरज नाही असं मी धरून चालले होते.

मग खापर गावच्या अकिलाशी त्याचा निकाह झाला. तिसऱ्या दिवशी तो अंगणात आला आणि म्हणाला, दिवसभर एकटी असते बिचारी, झाड तिच्या खोलीत ठेवतो. मी म्हटलं, ठेव की. दुसरं काय म्हणणार? थाळीच्या बुडाची माती फडक्याने पुसून दिली, तीही मीच.

अकिला वाईट नव्हती, हीच खरी अडचण. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. अठरा वर्षांची, हसऱ्या तोंडाची, आणि उभ्या जन्मात तिने मेथीचा वाफासुद्धा लावला नव्हता. झाडाचं एकेक पान ती ओढणीच्या टोकाने पुसायची. त्याला माशी बसू नये म्हणून वर मलमलीचं फडकं घालायची. खोलीला खिडकी एकच, तीही गल्लीच्या बाजूची, पडदा ओढलेली. झाड उन्हात न्यायचं तर अंगणात दाऊद पिंजत बसलेला, आणि नव्या सुनेने जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, यायचं नाही. मी नेऊ शकले असते. मला कोण अडवणार होतं? पण मी नेलं नाही.

आणि पाणी. अम्मा पाच वेळा नमाजासाठी वजू करायच्या. हातपाय धुतलेलं ते पाणी त्या मोरीत जाऊ देत नसत, खाली तसराळं धरायच्या आणि मग ते पाणी माझ्या पुदिन्याला. इतक्या वर्षांचा नेम होता तो. आता तसराळं भरलं की त्या अकिलाला हाक मारू लागल्या, ने गं, तुझ्या झाडाला घाल. ऐन उन्हाळ्यात माझा पुदिना काडीवर आला आणि तिकडे त्या वीतभर थाळीत दिवसातून पाचदा पाणी पडू लागलं. कुणी हसेल, पण मला त्या पाण्याचासुद्धा हेवा वाटला.

त्यात वटपौर्णिमा आली. शेजारच्या जमनाबाई, गुजर पाटलांच्या घरातल्या, लाजत लाजत अम्मांकडे आल्या. गुडघे धरले होते, गावाबाहेरच्या वडापर्यंत चालवत नव्हतं, तुमच्या रंगूनच्या वडाला दोरा गुंडाळू का, म्हणाल्या. अम्मा म्हणाल्या, नवऱ्याला आयुष्यच मागतेय ना, माग बाई. दाऊद बाहेर गेला होता, म्हणून ओसरीवर पाट मांडला, त्यावर झाड ठेवलं. जमनाबाईंनी बसल्या बसल्या सात वेळा दोरा फिरवला. परातीत आंबे ठेवले, अकिलाची ओटी भरली, तिच्या हाताला गुण आहे म्हणाल्या. तिच्या हाताला! ती पालवी कुणाच्या हाताची होती? जमनाबाईंच्या दारातली तुळस दोनदा मेली, दोन्ही वेळा नवं रोप माझ्याकडून गेलं होतं. आता त्या मला ओलांडून अकिलाची अलाबला घेत होत्या. मी ती आंब्यांची परात उचलून आत नेली आणि ती इतक्या जोरात आदळली की अम्मांनी वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अकिला माझ्याजवळ आली. तिच्या हातात तसराळं होतं.

"भाभी, त्या सांगतस मातीमा बोट घालीसन देख, कोरडी लागनी तेच पानी दे. अम्मा सांगतस रोज दे. मी कोनं आयकू?"

'त्या' म्हणजे तिचा नवरा. नासिरचं ऐक, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्दांचं काम. अम्मांनाही मी समजावू शकले असते, त्या माझं ऐकायच्या. पण अकिला त्या क्षणी इतक्या भरवशाने माझ्याकडे बघत होती की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, सगळं तर घेतलंस, आता माझी अक्कलही घे.

"वजूनं पानी कधी जास्त व्हस का?" मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. पुढे पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा ती पुन्हा विचारायला आली. मी म्हटलं, उष्णता आहे, वाढव पाणी. आषाढात पानं गळायला लागली, तेव्हा तिसऱ्यांदा आली. तेव्हा तर ती रडत होती. मी तिचे डोळे पुसले आणि सांगितलं, जुनी पानं जातातच, नवी येतील, तू पाणी बंद करू नकोस. हे बोलताना माझा आवाज इतका गोड निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. झाड मरत होतं आणि मला बरं वाटत होतं. रात्री झोपही छान लागायची. खोटं कशाला सांगू?

नासिर सकाळी भावाबरोबर कामाला बसायचा, संध्याकाळी थकून यायचा. मलमलीच्या फडक्याखाली काय चाललंय ते त्याला दिसलं नव्हतं. एका दुपारी दाऊद गाद्या पोचवायला शहाद्याला गेला होता. अंगण मोकळं होतं, म्हणून अकिला झाड घेऊन ओसरीवर आली आणि तिने नासिरला दाखवलं. फांद्यांवर मोजून अकरा पानं उरली होती. मी समोर डाळ निवडत बसले होते. अम्मा पलीकडे चौकीवर वजू करत होत्या.

नासिरने मातीत बोट घातलं. ते चिखलात रुतलं. त्याने बोटाचा वास घेऊन पाहिला आणि म्हणाला, यात पाणी फार झालंय. तिने सांगितलं, भाभींना विचारून घालतेय, पहिल्यापासून.

माझा हात डाळीतच थांबला. मी वाट बघत होते. तो आता माझ्याकडे वळेल, त्याला सगळं कळेल, तो ओरडेल. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. तुझ्या बायकोला नीट ऐकू येत नाही, असं म्हणणार होते.

नासिर वळला आणि हसला.

"भाभीनी सांगं ना? मंग बरोबरच शे. त्या चिनाले आपलं हवापानी काय माहीत?"

असं म्हणून त्याने अम्मांसमोरचं तसराळं उचललं. ते काठोकाठ भरलेलं होतं. सहा वर्षं तो त्या म्हाताऱ्याच्या शेजारी राहिला, त्याचे हातवारे पाठ करून आला, आणि माझ्या एका शब्दासाठी त्याने ते सगळं बाजूला टाकलं. डोळ्यांपुढे मरायला टेकलेलं झाड होतं, बोटाला चिखल होता, तरी त्याला माझंच खरं वाटलं. मला ज्याची भूक होती ते हेच होतं. झाड अकिलाच्या खोलीत गेलं तरी हे माझ्याकडेच होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं.

त्याने तसराळं कलतं केलं. मी उठले, डाळ सगळी सांडली, आणि मी त्याचं मनगट धरलं.

"नको घालू. मी तिले खोटं सांगं. पानीनीच झाड मरी ऱ्हायनं. माले पह्यलेपाइन माहीत व्हतं."

त्याला आधी समजलंच नाही. का, म्हणून त्याने विचारलं, अगदी हळू. मी म्हटलं, मला हवं होतं ते. दीड महिना माझं होतं, मग तू उचलून दिलंस. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला स्वतःचाच राग येत होता, कारण एवढं बोलूनही मला अकिलाचा हेवा वाटतच होता.

"नुसतं मांगं ऱ्हातं, भाभी," तो म्हणाला.

मागितलं असतं तर दिलं असतं त्याने, ते मला ठाऊक होतं. पण मागून घ्यायचं, तर त्याला लहानाचा मोठा केला तो कशाला? अकिला भिंतीला टेकून उभी होती.

"मी तुमले तीन डाव इचारं," ती म्हणाली. ओरडून नाही, आठवून सांगावं तसं. मग ती खोलीत गेली.

अम्मांनी नासिरच्या हातून तसराळं काढून घेतलं आणि नेऊन माझ्या पुदिन्याला घातलं. त्या वजूच्या पाण्याचं नाव घेऊन मी खोटं बोलले, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं असावं. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

झाड मीच वाचवलं. थाळीतून काढलं, कुजलेली काळी मुळं कात्रीने छाटली, नदीची वाळू मिसळून नव्याने बसवलं, अंगणात सावलीला ठेवलं, मग सवय करत उन्हात आणलं. दिवाळीच्या आत फुटवा आला. अकिला म्हणाली, आता तुम्हीच ठेवा. ती मनापासून म्हणत होती. मी नको म्हटलं, आणि तेही मनापासून म्हटलं, निदान त्या दिवशी. झाड तिचंच राहिलं, फक्त आता ते अंगणात असतं. दाऊदने आपली पिंजायची जागा मागच्या पडवीत हलवली. का हलवायची ते त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

अजूनही अकिला मला विचारते. फांदी कधी छाटू, खत किती घालू. मी खरं तेच सांगते, एका अक्षराचा फरक करत नाही. ती नीट ऐकून घेते, मान हलवते. जवळ नासिर असला तर तोही मान हलवतो, बरं भाभी म्हणतो, आणि मग तिच्याकडे वळून हळूच सांगतो, एकदा जमनाबाईंनाही विचारून घे.